तीन टनांचं घर

मापकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतींकडे बघायचे आणि मग माणसांकडे. त्यांची बायको सांगायची, "लग्नाआधी पहिल्यांदा आमच्याकडे आले, तर मी समोर उभी आणि ह्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. मला वाटलं, लाजाळू असतील. नंतर कळलं, पश्चिमेच्या खिडकीची काच एकेरी आहे का दुहेरी ते बघत होते."

घरं उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार ठेवणारी मशीनं बसवणाऱ्या एका कंपनीत त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. मशीन बसवायला दुसरी माणसं होती. मापकाकांचं काम त्याच्या आधीचं. घर मोजायचं, उन्हाळ्यात बाहेरची उष्णता किती आत येईल आणि हिवाळ्यात आतली किती बाहेर जाईल ते काढायचं, आणि त्यावरून किती टनांचं मशीन लागेल ते सांगायचं. ह्याला धंद्यात 'लोड काढणं' म्हणतात. मापकाका तो वहीत काढायचे. त्यांची रीत साधी होती. जमिनीचं क्षेत्रफळ घ्यायचं, ठरलेल्या आकड्यानं भागायचं, आलेल्या उत्तरात पाचवा हिस्सा भर घालायची, आणि बाजारात त्याच्या वरचं जे मशीन मिळेल ते सांगायचं.

भर कशाला, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "कमी पडलं तर लोक दारात येऊन शिव्या घालतात. जास्त झालं म्हणून आजवर कुणी आलेलं नाही."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. सत्तावीस वर्षांत एकदाही कुणी आलं नव्हतं. त्यामुळे मापकाकांच्या शब्दाला कंपनीत वजन होतं, आणि तसा स्वभावानं भित्रा असलेला हा माणूस त्या वजनाच्या आधारानंच ताठ चालायचा.

त्या गुरुवारी मालकीणबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बाई वडिलांच्या मागे कंपनी चालवत होत्या. काकांच्या निम्म्या वयाच्या, बोलायला तुटक, पण मनानं सरळ.

"काका, बांधकाम खात्याचा नवा नियम आला. पुढच्या महिन्यापासून वहीतला लोड चालणार नाही. सॉफ्टवेअरमधून काढलेला छापील अहवाल जोडायचा, तरच परवानगी."

"म्हणजे मी घरी बसू?" काका हसत म्हणाले.

"घरी कशाला बसता? दोन सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही खात्याला चालतात. दोन्ही चार दिवस वापरून बघा. आपणच केलेली पाच जुनी घरं घ्या, दोन्हींत घाला, काय येतं ते बघा. सोमवारी दहा वाजता मला एक नाव सांगा. तुम्ही सांगाल ते घेणार. मी मध्ये पडणार नाही."

तुम्ही सांगाल ते. काकांना बरं वाटलं. पाच घरं निवडताना त्यांनी चार फायली कपाटातून काढल्या आणि पाचवं घर फाईल न बघता लिहिलं, कारण ते तोंडपाठ होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर. सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः मोजलेलं, स्वतः उभं राहून मशीन बसवून घेतलेलं.

पहिल्या सॉफ्टवेअरचा विक्रेता दुपारीच हजर झाला. चकचकीत बूट, गोड जीभ. "काका, ह्यात तुम्हाला काही करायचंच नाही! क्षेत्रफळ टाका, खोल्या किती ते टाका, बटण दाबा. चहा गार व्हायच्या आत अहवाल हातात."

खरोखरच पाचही घरं तासाभरात झाली. आणि उत्तरं बघून काकांची छाती दोन इंच फुगली. पाचही घरांना सॉफ्टवेअरनं तंतोतंत काकांचंच मशीन सांगितलं होतं. बहिणीच्या घराला पाच टन. काकांनी दिलं होतं, पाच टन.

"बघा," विक्रेता म्हणाला, "सॉफ्टवेअर तुमच्याच डोक्यानं चालतं!"

दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर कुणी बूटवाला आला नाही. ते वापरायला शिकवणारी एक शिक्षिका फोनवर होती, आणि प्रश्नांची सरबत्ती. भिंत कशाची, किती जाड? छतावर काय आहे? खिडकी किती बाय किती, कोणत्या दिशेला, काच एकेरी की दुहेरी, बाहेर सावली पडते का? दारांच्या फटींतून वारा किती येतो? काका वैतागले.

"बाई, घराचा लोड काढायचाय का घराची सोयरीक जमवायची आहे?"

"सोयरीक एकदा जमली की आपण मोकळे, काका," ती हसून म्हणाली. "मशीन पंधरा वर्षं त्या घरात नांदतं. विचारायला नको?"

शुक्रवारी दुपारपर्यंत चार घरं झाली. दोन घरांत काकांच्या आकड्यापेक्षा थोडं कमी आलं, दोन घरांत बरंच कमी. काकांनी मान हलवली. कॉम्प्युटरला काय कळतंय, असं मनात म्हणून त्यांनी पाचवं घर भरायला घेतलं. ताईच्या घराची प्रत्येक खिडकी त्यांना डोळे मिटून दिसत होती. भरता भरता चार वाजले. बटण दाबलं.

दोन पूर्णांक आठ.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. पाच टनांचं मशीन चालतंय त्या घरात, आणि हे म्हणतंय, पावणेतीनहून जरा जास्त.

त्यांनी शिक्षिकेला फोन लावला. "तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय."

"चुकू शकतं, काका. बहुतेक वेळा भरताना चूक होते. दिशा तपासा."

त्यांनी तपासली, आणि चूक सापडली! बैठकीची मोठी खिडकी पश्चिमेला होती, त्यांनी पूर्व लिहिलं होतं. दुपारचं सगळं ऊन त्या काचेतून येतं. काकांना असा आनंद झाला की ते खुर्चीतून उठून पाणी प्यायले. मग दिशा बदलली, बटण दाबलं.

तीन पूर्णांक एक.

त्यांनी ओळ न् ओळ पुन्हा तपासली. आता चूक सापडेना. मग कसल्याशा संशयानं त्यांनी पहिलं, गोड सॉफ्टवेअर उघडलं आणि प्रत्येक पान उलटून पाहिलं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, एक चौकट होती. 'अनुभवाची भर: वीस टक्के.' ती आधीच भरलेली होती. म्हणजे पाचवा हिस्सा. विक्रेता खोटं बोलला नव्हता. सॉफ्टवेअर काकांच्याच डोक्यानं चालत होतं.

काकांनी वहीतलं सहा वर्षांपूर्वीचं पान काढलं. क्षेत्रफळावरून आलेला आकडा पावणेचार. त्यात पाचवा हिस्सा घालून साडेचार. बाजारात मशीन मिळतं चार टनांचं किंवा पाचाचं. रीतीप्रमाणे वरचं, म्हणजे पाचाचं. आणि पानाच्या कडेला त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'ताई. कमी पडायला नको. पाच.'

नाकापेक्षा मोती जड झाला तर काय होतं हे त्यांना पुस्तकी माहीत होतं. गरजेपेक्षा मोठं मशीन हवा झटकन गार करतं आणि झटकन बंद होतं. हवेतला ओलावा काढायला मशीनला सावकाश, बराच वेळ चालावं लागतं. तेवढा वेळच मिळत नाही. घर गार राहतं आणि ओलं राहतं. कपाटामागे बुरशी धरते.

ताईच्या झोपायच्या खोलीत कपाटामागची भिंत चार वर्षांपासून काळी पडत होती. तीनदा रंग दिला होता. दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, खोकला लागला होता तो सुटायचं नाव घेत नव्हता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरातली ओल घालवा. ती ओल कुठून येते हे ताईनं विचारलं होतं कुणाला? मापकाकांना. आणि मापकाकांनी भिंतीवर टकटक करून मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं होतं, "आत नळ गळत असणार. भिंत फोडल्याशिवाय कळायचं नाही."

गवंडी ठरला होता. सोमवारी सकाळी आठला तो भिंत फोडायला येणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी काका जेवणाच्या ताटावर नुसते बसून राहिले.

"कुणाचं घर पडलं?" बायकोनं विचारलं.

"अजून पडलं नाही."

"मग जेवा. पडलं की उपास करा."

शनिवारभर ते स्वतःला एकच सांगत होते, सॉफ्टवेअर म्हणजे काही वेदवाक्य नाही. खात्री करायला एक साधा उपाय होता. वर्षातल्या सगळ्यात कडक दुपारी, योग्य मापाचं मशीन जवळजवळ सगळा वेळ चालू राहायला हवं. मोठं असेल तर ते मध्ये मध्ये थांबेल. रविवारी दुपारी पारा इतका चढणार होता की रेडिओवाले लोकांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगत होते. काका दोन वाजता बाहेर पडले.

दार उघडताच ताई म्हणाली, "अरे धाकट्या, एवढ्या उन्हात? ये, ये, आत ये. बघ कसं गार आहे!" आणि शेजारीण आली होती तिला लगेच सांगायला लागली, "हा माझा भाऊ. मशीन ह्यानंच निवडलं. बटण दाबलं की पाच मिनिटांत थंडी वाजते. आणि लगेच बंदही होतं, वीज खात नाही. तुमचं बघा, सारखं घुरघुरत असतं."

शेजारीण हेव्यानं मान डोलावत निघून गेली. काका खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. खिशातून हवेतला ओलावा मोजायचं छोटं उपकरण काढून त्यांनी ते गुपचूप टेबलावर वर्तमानपत्राआड ठेवलं. मनगटावरचं घड्याळ सोडून मांडीवर घेतलं.

मशीन सुरू झालं. भिंतीतल्या जाळीतून गार झोत आला.

"घाईत आहेस का?" ताईनं विचारलं. "सारखा घड्याळाकडे बघतोस."

"नाही गं. सवय."

सात मिनिटं. मशीन थांबलं.

बाहेर रस्त्यावर ऊन पांढरं पडलं होतं, एक कुत्रं भिंतीच्या सावलीला चिकटून पडलं होतं. पाच मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू झालं. सात मिनिटं. बंद. पाच मिनिटं. सुरू. दर वेळी ते थांबताना आत खट् असा बारीक आवाज व्हायचा, आणि तो काकांना छातीत ऐकू यायचा. ते मनातल्या मनात विनवत होते, चाल बाबा, ह्या वेळी तरी दहा मिनिटं चाल. ते सात मिनिटांनी थांबत होतं.

आतल्या खोलीतून दाजींचा खोकला आला. मग दाजी स्वतः आले, खांद्यावर उन्हाळ्यातही शाल. बोलायला मिश्कील माणूस, पण खोकल्यानं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. "काय रे मापकाका... रविवारी पण माप?"

"सहज आलो, दाजी."

"सहज कुणी ह्या उन्हात... येतं का? बायकोनं हाकललं... असणार."

ताई हसली. काकाही हसल्यासारखं करत राहिले. तासाभरात पाच वेळा मशीन सुरू झालं आणि पाच वेळा थांबलं. पस्तीस मिनिटं चालू, पंचवीस बंद. पाच टनांचे साठातले पस्तीस हिस्से म्हणजे तीन टनांच्या आतबाहेर. वर्तमानपत्राआडच्या उपकरणावर ओलावा बहात्तर टक्के होता. साठाच्या वर जायला नको होता.

सॉफ्टवेअर बरोबर होतं.

"उद्या तो गवंडी येतोय," ताई म्हणाली. "सामान हलवून ठेवलंय. धूळ उडेल म्हणून ह्यांना दोन दिवस लेकीकडे पाठवणार होते, तर हे हलायला तयार नाहीत. तू येशील का सकाळी? नळ कुठे फुटलाय ते तुला कळेल."

हीच वेळ होती. काकांनी तोंड उघडलं. ताई त्यांच्याकडे बघत होती. आई गेल्यावर ह्याच ताईनं त्यांना सात वर्षांचे असताना हाताला धरून शाळेत नेलं होतं. जगात एकच माणूस असं होतं की ज्याला मापकाकांचं कधी चुकत नाही असं मनापासून वाटत होतं, आणि ते समोर बसलं होतं.

"बघतो," ते म्हणाले. घड्याळ हाताला बांधलं, उपकरण खिशात टाकलं आणि चहा न घेता निघाले.

घरापर्यंत चालत येताना त्यांनी दुसराही विचार करून पाहिला, तो लपवण्यात अर्थ नाही. पहिलं सॉफ्टवेअर घेतलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. छापील अहवाल पाच टन म्हणणार, वही पाच टन म्हणणार, खातं शिक्का मारणार. भिंत फोडून नळ सापडला नाही तर गवंडी म्हणेल, दुसरीकडे असेल. ओल काय, घराघरांत असते. ह्या विचारानं त्यांना चार पावलं हलकं वाटलं, आणि पाचव्या पावलाला दाजींचा खोकला आठवला.

सोमवारी ते साडेसातला निघणार होते. पण बूट घालायला बसले आणि बसूनच राहिले. बायको म्हणाली, "जायचं नसेल तर बूट काढा, जायचं असेल तर उठा. उंबऱ्यात बसून कुठलंच होत नाही." ते पोहोचले तेव्हा आठ वाजून गेले होते, दार सताड उघडं होतं, आणि आतून हातोड्याचा आवाज येत होता.

काका आयुष्यात कधी धावले नव्हते. ते धावत झोपायच्या खोलीत शिरले.

"थांबा! थांबवा आधी ते!"

गवंड्यानं हातोडा खाली केला. कपाट पुढे ओढलेलं, मागची भिंत छताजवळून खालपर्यंत काळी, आणि मधोमध वीतभर खड्डा. आतली वीट कोरडी ठणठणीत होती.

"काय झालं रे?" ताई दारात आली. मागे दाजी, तोंडावर रुमाल.

"नळ गळत नाही, ताई."

"तुला काय माहीत? तूच तर म्हणालास..."

"मी चुकीचं म्हणालो. ओल भिंतीतून येत नाही. ओल मशीनमुळे आहे. मशीन मोठं झालंय. ह्या घराला तीन टन पुरतात, मी पाच दिले."

ताईला नीट कळलं नाही. "मोठं आहे तर चांगलंच की. लवकर गार होतं."

"लवकर होतं म्हणूनच ओल राहते." आणि मग काकांनी सगळं सांगितलं, अडखळत, गवंड्यासमोरच. हवा गार होते, मशीन थांबतं, पाणी हवेतच राहतं, ते ह्या थंड भिंतीवर बसतं. सॉफ्टवेअर खिडक्यांपासून माणसांच्या उष्णतेपर्यंत काय काय धरतं ते सांगितलं, वहीतली भर सांगितली. पानाच्या कडेला काय लिहिलं होतं तेही सांगितलं.

गवंडी भिंतीतल्या खड्ड्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे हे बुजवू का काय करू?"

"तुम्ही बाहेर बसा जरा," ताई त्याला म्हणाली. मग भावाकडे वळली. आवाज चढला नाही, त्यामुळे काका जास्त घाबरले. "हे तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी. पण खात्री नव्हती. म्हणून काल..."

"काल. काल तू इथे तासभर बसलास. मी त्या शेजारणीसमोर तुझं कौतुक करत होते आणि तू घड्याळ लावून बघत होतास."

"हो."

"आणि तुझी खात्री झाली."

"हो."

"आणि मी म्हटलं सकाळी गवंडी येतोय, तर तू म्हणालास, बघतो."

सहा वर्षांच्या चुकीबद्दल काय बोलायचं ते त्यांनी रात्रभर पाठ केलं होतं. कालच्या एका शब्दाबद्दल काही तयार नव्हतं.

"सहा वर्षं ठीक आहे," ताई म्हणाली. "सहा वर्षं तुला माहीत नव्हतं. काल तर होतं. ह्यांच्या छातीचं काय होतंय ते ऐकत बसलास, आणि उठून गेलास. चहासुद्धा घेतला नाहीस. मला वाटलं, उन्हानं बरं नाही वाटत पोराला. संध्याकाळभर काळजी करत होते मी तुझी!"

तेवढ्यात दाजी खोकत खोकत हसायला लागले. "चार वर्षं मी खोकून... सांगतोय. माझं कुणी ऐकलं नाही. सॉफ्टवेअरनं सांगितलं... तर गवंडी थांबला. आता म्हातारपणी मी पण... सॉफ्टवेअर होतो."

"तुम्ही गप्प बसा!" ताई ओरडली, आणि तो ओरडा नवऱ्याच्या वाट्याला गेला म्हणून काकांना क्षणभर श्वास घेता आला.

खिशातला फोन वाजला. मालकीणबाई. काकांनी ताईकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती. ते बाहेर जाऊ शकत होते. गेले नाहीत.

"काका, दहाला येताय ना? नाव तेवढं आत्ताच सांगा. तो बूटवाला सकाळपासून रिसेप्शनला बसलाय. म्हणतोय, काकांचं आणि आमचं शंभर टक्के जुळलं."

"जुळलं, बाई. म्हणूनच ते नको."

"म्हणजे?"

"त्याचं माझ्याशी जुळलं, घराशी नाही. दुसरं घ्या. त्याला वेळ लागतो. पाच घरांना मला दीड दिवस लागला, सवय झाली तर घराला एक तास लागेल. पण ते खिडकी विचारतं." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पाचातलं एक घर माझ्या बहिणीचं आहे. तिथे मी पाच टन दिलेत, हवे होते तीन. काल मोजून बघितलं. घरात बुरशी आहे, माणूस आजारी आहे. आता तिथूनच बोलतोय."

बाई सावकाश म्हणाल्या, "काका, ती भर तुम्ही फक्त तिथेच घातली होती?"

"नाही. सगळीकडे घातली."

"सत्तावीस वर्षं?"

"हो."

ताई ऐकत होती. काकांनी डोळे मिटून घेतले. आता नोकरी जाईल, असं त्यांना स्पष्ट वाटलं, तरी फोन ते कानाला धरूनच राहिले.

"दहाला या," बाई म्हणाल्या. "जुन्या वह्या घेऊन या, सगळ्या. कुणाकुणाकडे ओलीची तक्रार आहे ते आपण विचारायला सुरुवात करू. तुम्हीच विचारायचं, दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते शोभणार नाही. आणि बहिणीच्या घरचं मशीन आधी बदला. त्याचा अहवाल आजच तयार करा."

फोन बंद झाला. खोलीत चुन्याचा वास भरला होता. बाहेर गवंडी कुणाशी तरी बोलत होता. काकांनी खाली पडलेला विटेचा तुकडा उचलून खिडकीत ठेवला, उगीचच.

"आज ह्यांना लेकीकडे पाठव, ताई. मशीन बदलेपर्यंत ह्या खोलीत झोपू देऊ नको. भिंत मी स्वतः धुऊन देतो, औषध लावून."

"ते तर तू देणारच आहेस," ताई म्हणाली. ती पलंगावर बसली आणि काळ्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "त्या सॉफ्टवेअरमध्ये माणसं किती लिहिलीस?"

"माणसं?"

"माणसांची पण उष्णता असते म्हणालास ना आत्ता."

"तीन. झोपायच्या खोल्या दोन, त्यात एक मिळवायचा. तसाच नियम आहे."

"तीन कसे? सुटीत लेक येते, जावई येतो, दोन पोरं येतात. तीन आणि हे चार, सात लिही."

काकांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. ताईनं मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं आजवर झालं नव्हतं. त्यात आज तर नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

"सात नाही धरता येणार, ताई."

"का?"

"वर्षातले दहा दिवस येतात. त्यांच्यासाठी मोठं केलं तर बाकी वर्षभर पुन्हा हेच."

"आणि ते दहा दिवस? पोरं घामाघूम झाली तर?"

"होतील थोडी. पंखा लावायचा."

ताईनं भावाकडे नीट निरखून पाहिलं. दाजी रुमालाआडून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते आणि ह्या वेळी खोकतसुद्धा नव्हते.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तीनच लिही. पण जावयाला पंख्याचं तू सांगायचंस."